पिकअपला नवीन टायर: पी घ्यायचे की एलटी, हे ठरवायचं कसं

अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता पिकअप घ्यायला लागलेत. गणपतीच्या मखराचं सामान आणायचं असो की कुणाचं घर हलवायचं असो, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कुणाकडे ट्रक आहे का" हा मेसेज आला की दोन-तीन हात वर होतातच. कंपनीतून आलेले टायर असतात तोवर काही प्रश्न येत नाही. ते झिजले आणि दुसरा सेट घ्यायला दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस विचारतो पी (पॅसेंजर, म्हणजे कारसारखा) पाहिजे की एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामाचा), आणि तिथंच गडबड होते, कारण शेजारी म्हणतो टेन प्लायच घे, मजबूत असतात, ऑफिसातला म्हणतो कशाला उगाच पैसे घालतोस, आणि आपण घाईत त्यातलं एक काहीतरी घेऊन मोकळे होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा अशी हाफ टन गाडी (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग) असेल, किंवा टॅकोमा, रेंजरसारखी मिडसाइज, कंपनीनं पी टायर दिलेले असतील आणि तुमचं फिरणं मुख्यतः हायवे आणि गावातलं असेल, तर पी टायरच घ्या. एलटी टायर वाईट नाही, तो काही ठिकाणी घ्यायलाच लागतो, पण "जास्त मजबूत म्हणजे जास्त सेफ" एवढ्या एका विचारावर घेतला आणि हवा नीट भरली नाही तर उलट धोका वाढतो. ते कसं ते खाली येईलच.

पहिलं काम, ड्रायव्हरचं दार उघडा

दाराच्या चौकटीवर दोन स्टिकर असतात. एकावर टायरचं मूळ माप, पुढच्या-मागच्या टायरमध्ये थंड असताना किती हवा पाहिजे, आणि माणसं अधिक सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही ते लिहिलेलं असतं. दुसऱ्यावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन आणि जीएडब्ल्यूआर म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर वेगवेगळं किती वजन चालतं ते असतं. दोन्हींचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, पुढं सगळं त्यावरच चालणार आहे.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर सध्या गाडीवर कुठले टायर आहेत त्याकडे बघून काही ठरवू नका. आधीच्या मालकानं काय चढवलं असेल सांगता येत नाही. स्टिकरवर जे माप आहे ते कंपनीचं, त्यापासून सुरुवात करा.

आता स्टिकरवर मापाच्या आधी एलटी ही अक्षरं असतील, तर तुमच्यापुरता हा लेख जवळजवळ संपलाच. एफ-२५०, सिल्व्हराडो २५००, रॅम २५०० अशा थ्री-क्वार्टर टन आणि त्याच्या वरच्या ट्रकना कंपनी एलटीच देते, आणि तिथं पी टायर चढवायचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी नाही. या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलचं रेटिंग ६००० पौंडांच्या वर असणं नेहमीचं, म्हणजे एकेका टायरला ३००० च्या वर पेलायचे, आणि त्याच मापाचा साधा पी टायर ट्रकवर २३०० च्या आसपासच पेलतो. रिकामा ट्रक चालवताना काही जाणवणार नाही, पण उन्हाळ्यात ट्रेलर लावून ७० च्या स्पीडनं निघालात की तो टायर आतून तापत जाणार. म्हणून अशा ट्रकला एलटी, आणि लोड रेंज (टायरच्या ताकदीचं अक्षर, खाली सांगतो) स्टिकरवर आहे तेवढी किंवा त्याच्या वरची.

काही हाफ टन गाड्याही जास्त पेलोडच्या (गाडीत किती वजन टाकता येतं त्याच्या) पॅकेजबरोबर कंपनीतूनच एलटी टायर घेऊन येतात. म्हणून मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका, स्टिकर वाचा.

टायरच्या साईडवर काय लिहिलंय

हाफ टन आणि मिडसाइज ट्रकवर खूप दिसणारं एक माप घेऊ, २६५/७०आर१७. २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हे माप तुम्हाला तीन प्रकारे दिसेल:

पी२६५/७०आर१७ ११३एस, हा अमेरिकी पॅसेंजर टायर.
२६५/७०आर१७ ११५टी, पुढं कुठलंच अक्षर नाही, हा युरोपियन पद्धतीचा पॅसेंजर टायर. कामाला दोन्ही सारखेच धरा, दुकानदार यालाही पीच म्हणतो.
एलटी२६५/७०आर१७ १२१/११८एस, आणि सोबत लोड रेंज ई, हा लाइट ट्रक टायर.

११३, ११५, १२१ हे लोड इंडेक्स. ११३ म्हणजे २५३५ पौंड, ११५ म्हणजे २६७९ पौंड, १२१ म्हणजे ३१९७ पौंड. एलटीला दोन आकडे का, तर ज्या ट्रकला मागं एकेका बाजूला दोन-दोन चाकं असतात तिथला दुसरा आकडा, आपल्याला पहिलाच बघायचा. शेवटचं अक्षर स्पीडचं, एस म्हणजे ताशी ११२ मैल, टी म्हणजे ११८, त्यात डोकं घालायची गरज सहसा पडत नाही.

लोड रेंजचं जरा समजून घ्या, कारण दुकानात यावरच बोलणं होतं. सी रेंजचा टायर पूर्ण भार ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेवर पेलतो, डी ६५ वर, ई ८० वर. जुन्या भाषेत यांना सिक्स प्लाय, एट प्लाय, टेन प्लाय म्हणतात, पण ई रेंजच्या टायरमध्ये खरोखर दहा थर नसतात, आता धागे चांगले आल्यामुळे कमी थरांत ती ताकद येते, टेन प्लाय हे नुसतं रेटिंग उरलंय. पी टायर मात्र साधा असेल तर ३५ पीएसआयवरच त्याचा पूर्ण भार घेतो, एक्सएल म्हणजे जास्त भाराचा असेल तर ४१-४२ वर.

आणि नावावर जाऊ नका. मिशेलिनच्या डिफेंडर एलटीएक्सच्या नावातच एलटी आहे पण तो पॅसेंजर मापातही मिळतो, फाल्कनचा वाइल्डपीक एटी३डब्ल्यू सुद्धा दोन्हींत मिळतो, दिसायला सारखाच. ऑल-टेरेन म्हणजे एलटीच असं काही नाही. मापाच्या आधी एलटी लिहिलंय का आणि लोड इंडेक्स किती, एवढंच बघायचं. एसटी लिहिलेला टायर दिसला तर तो ट्रेलरचा, ट्रकला लावायचा नाहीच.

हिशोब करा, पाच मिनिटांचं काम आहे

इथं एक नियम आहे जो नवीन माणसाला कुणी सांगत नाही. पॅसेंजर टायर ट्रक, एसयूव्ही किंवा व्हॅनला लावला तर अमेरिकी सेफ्टी नियमांप्रमाणे त्याचं लोड रेटिंग १.१ नं भागायचं. कारण ट्रकवर भार कमी-जास्त होत राहतो, उंच गाडी वळणावर कलते, म्हणून ती जास्तीची सोय ठेवलेली. म्हणजे ११३ चा टायर कारवर २५३५ पौंड पेलतो तो तुमच्या ट्रकवर २३०४ धरायचा. एलटीला असं भागायचं नाही, तो ट्रकसाठीच बनलाय.

आता समजा तुमच्या हाफ टनच्या मागच्या अ‍ॅक्सलचं रेटिंग ३८०० पौंड आहे. दोन पी टायर मिळून ४६०८. म्हणजे अ‍ॅक्सल पूर्ण लादली तरी टायरला ८०० पौंडांची जागा शिल्लक राहते. बहुतेक हाफ टन गाड्यांचा हिशोब असाच निघतो. कंपनीनं पी टायर दिले ते अ‍ॅक्सलला पुरून उरतात म्हणून, स्वस्तात पडावं एवढ्याच विचारानं नाही.

दुसरी गोष्ट, एलटी लावल्यानं गाडीचं पेलोड वाढत नाही, ओढायची ताकदही वाढत नाही. स्प्रिंग, अ‍ॅक्सल, ब्रेक, फ्रेम तेच आहेत. स्टिकरवर १५०० पौंड लिहिलं असेल तर ई रेंजचे टायर घालूनही १५००च. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण "आता टायर भारी घातलेत, टाक अजून चार पोती सिमेंट" असं होताना दिसतं.

ट्रेलर ओढत असाल तर हिशोबात टंग वेट धरायला विसरू नका. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार थेट तुमच्या हिचवर, म्हणजे ट्रकमागे ट्रेलर जोडतात त्या जागी, येतो. ६००० पौंडांचा कॅम्पर असेल तर ६०० ते ९०० पौंड तिथंच गेले, वर चार माणसं, कूलर, मागं जनरेटर, सायकली, की १५०० पौंड कधी भरले ते कळत नाही. अंदाज करण्यापेक्षा एकदा वजन करून बघा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, थोड्या डॉलरमध्ये काम होतं, पुढची अ‍ॅक्सल, मागची अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन छापून देतात. सुट्टीला निघता तसं सगळं भरून, टाकी फुल्ल करून, घरच्यांना गाडीत बसवून जा. तो कागद हातात आला की पी की एलटी हा वाद निम्मा मिटतो.

मग एलटी कुणी घ्यायचा

स्टिकरवर पी असूनही मी पुढच्या लोकांना एलटी घ्या म्हणेन.

जे दर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला जड ट्रेलर ओढतात. इथं भारापेक्षा स्थिरपणाचा मुद्दा आहे. पी टायरची साईडवॉल मऊ असते, मागून ट्रेलर हलला किंवा बाजूनं मोठा सेमी गेला की ट्रकचा मागचा भाग डुलल्यासारखा वाटतो, एलटीनं तो बराच कमी होतो.

जे बेडमध्ये सतत वजन ठेवून फिरतात, म्हणजे हत्यारांच्या पेट्या, पाण्याची टाकी, बेडवर बसवलेला कॅम्पर.

आणि जे खरोखर दगडांच्या रस्त्यावर जातात. नॅशनल पार्कात गाडी नेली म्हणजे दगडांचा रस्ता होत नाही, बहुतेक पार्कांचे मुख्य रस्ते चकाचक आहेत. मी म्हणतोय ते डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅकला जाणारा रस्ता, सव्वीस-सत्तावीस मैल खडबडीत, धारदार दगड, फोनला रेंज नाही, तिथं पार्कवालेच हेवी ड्यूटी टायर असल्याशिवाय जाऊ नका म्हणतात. किंवा अलास्कातला डाल्टन हायवे, ४१४ मैल आणि त्यात खडीचा भाग भरपूर. किंवा युटातलं मोआब. असल्या ठिकाणी पंक्चर ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात) होतं त्यापेक्षा साईडवॉल फाटते, आणि साईडवॉल फाटली की प्लग मारून भागत नाही, टायर गेला. एलटीची साईडवॉल जाड असते, ट्रेडही खोल, नव्या ऑल-टेरेन एलटीला इंचाच्या ३२ व्या हिश्श्याच्या मापात १५-१६ किंवा जास्त, पी हायवे टायरला १०-१२. शेतावर, बांधकामाच्या साईटवर रोज जाणारेही यातच आले.

बाकीच्यांना एलटीमुळे काय सोसावं लागतं तेही सांगायला पाहिजे. ई रेंजचा टायर त्याच मापाच्या पीपेक्षा दहा पौंडांनी जड असणं सहज शक्य आहे, चार चाकं मिळून चाळीस, आणि हे फिरणारं वजन आहे, त्यामुळे पिकअप सुस्त वाटते, पेट्रोल जास्त लागतं, ब्रेकवर ताण येतो. रिकाम्या गाडीत खड्डे थेट कमरेला कळतात. पावसात ब्रेकचं अंतर बहुतेकदा पी टायरपेक्षा जास्त. किंमतही जास्त. ट्रेडवेअरचा, म्हणजे ट्रेड किती टिकेल त्याचा, जो नंबर पी टायरवर छापलेला असतो, तो एलटीवर छापायचं बंधन नाही, त्यामुळे दोघांची तुलना त्या नंबरवरून करता येत नाही, दुकानदार करून दाखवायला लागला तर ऐकू नका.

मधला एक मार्ग आहे, लोड रेंज सी. बीएफगुडरिचच्या केओ२ सारखे ऑल-टेरेन टायर काही मापांत सी आणि ई दोन्हींत आले. हाफ टन किंवा टॅकोमावाल्याला वर्षातून काही वेळा कच्च्या रस्त्यावर जायचंय, पण ऑफिसला रोज चाळीस मैल जायचंय, त्याच्यासाठी सी बरोबर बसतो, साईडवॉल एलटीची मिळते आणि अंग तेवढं जड होत नाही. दुकानात सी सहसा शेल्फवर नसतो, मागवायला लागतो, म्हणून ते ई पुढं करतात. दोन दिवस थांबा आणि मागवा.

बर्फाचं वेगळं. बर्फासाठी एलटी पाहिजे असा समज आहे, पण तिथं बघायचं ते साईडवरचं तीन शिखरं आणि आत हिमकण असलेलं चिन्ह, ते पीवरही असतं. कोलोरॅडोत आय-७० वर डोटसेरो ते मॉरिसन १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ (बर्फात टायरच्या पकडीचा नियम) असतो, त्यातही ट्रेड निदान ३/१६ इंच आणि चिन्ह कुठलं हे बघतात, पी की एलटी हे नाही.

हवा, आणि इथंच लोक चुकतात

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, बाकी विसरलात तरी चालेल. एलटी टायर तितकाच भार उचलायला पीपेक्षा जास्त हवा मागतो.

आपलंच माप घ्या. पी२६५/७०आर१७ हा ३५ पीएसआयवर ट्रकसाठी २३०४ पौंड देतो. त्याच मापाचा एलटी ३५ वर २००० च्या खालीच राहतो. म्हणजे तुम्ही जास्त पैसे देऊन मजबूत टायर घेतला, दुकानातल्या पोरानं दाराचा स्टिकर बघून सवयीनं ३५ भरली, आणि तुम्ही आधीपेक्षा कमी भार पेलणाऱ्या टायरवर घरी आलात. मूळ टायरइतका भार घ्यायला या मापात एलटीला साधारण ४५ च्या आसपास हवा लागते. तुमच्या मापाचा नक्की आकडा टायर कंपनीच्या लोड-इन्फ्लेशन टेबलमध्ये मिळतो, बहुतेक कंपन्यांच्या साईटवर ते असतं, मूळ पी टायरचा १.१ नं भागलेला भार घ्यायचा आणि एलटीच्या ओळीत तेवढा किंवा त्याच्या वरचा आकडा कुठल्या पीएसआयखाली येतो ते बघायचं.

उलटी चूकही होते. साईडवर ८० लिहिलंय म्हणून ८० भरून रिकामा ट्रक चालवतात. मग गाडी उड्या मारते, ट्रेड मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड जाते. ८० हा पूर्ण भाराचा आकडा आहे.

हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना बघा. तापमान १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास थंडी सुरू झाली की एकदा नक्की बघायची.

कमी हवेनं काय होतं ते या देशानं बघितलंय. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर होते, माप पी२३५/७५आर१५. टायरचा ट्रेड चालत्या गाडीत सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची, अमेरिकेत अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायरमध्येच दोष होता, पण त्यावर फोर्डनं सुचवलेली हवा फक्त २६ पीएसआय, भरलेली गाडी आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधला उन्हाळा, असं सगळं एकत्र आलं. टायर जातो तो उष्णतेनं, आणि उष्णता येते कमी हवा आणि जास्त भार यांतून.

त्याच वर्षी अमेरिकेत ट्रेड अ‍ॅक्ट नावाचा टायर-सुरक्षेचा कायदा झाला आणि त्यातून डॅशबोर्डवर हवेचा दिवा आला, सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. पण तो दिवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागतो. स्टिकर ३५ चा असेल तर साधारण २६ ला. पी टायरला ते चालून जातं. तुम्ही एलटी लावून ४५ ठेवलीत, कुठंतरी खिळा लागला, हवा ३० वर आली, तरी दिवा गप्पच राहणार, आणि एलटीची साईडवॉल ताठ असल्यामुळे टायर बसलेला डोळ्यालाही दिसणार नाही. म्हणून एलटीवाल्यानं गेज हातात ठेवायचंच, लांबच्या प्रवासात रोज सकाळी. काही गाड्यांमध्ये डीलर तो आकडा बदलून देतो, विचारून बघा.

दुकानात गेल्यावर

चारही टायर एकाच जातीचे घ्या. पुढं पी मागं एलटी असं मिश्रण नको, वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर दोन्ही टोकं वेगळं वागतात. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, बरीच दुकानं कमी इंडेक्सचा टायर बसवायला नाहीच म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

साईडवर डॉट कोडचे (डीओटी ही अक्षरं असलेला क्रमांक) शेवटचे चार आकडे बघा, ३२२४ असेल तर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. दोन वर्षं गोदामात पडलेला नव्याच्या भावात घेऊ नका, दुसरा मागा.

बसवायच्या आधी किती हवा भरायची तो आकडा स्वतः सांगा, तुमच्या टेबलवरून काढलेला, आणि बिलावर लिहून घ्या. घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेजनं परत तपासा. पन्नास-शंभर मैलांनंतर चाकाचे नट टॉर्क करून, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळून घ्या, बहुतेक दुकानं फुकट करतात. आणि बेडच्या खाली टांगलेली स्टेपनी विसरू नका, गाडी पीची एलटीवर नेली असेल तर स्टेपनीही एलटी करून घ्या आणि तिच्यातही हवा बघत जा, खाली चिखलात लटकत असल्यामुळे तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही.